वावभर अंतर

बोत्सफ्यूरच्या धक्क्यावर नोव्हेंबरात
दुपारी दोनलाच दिवे लावतात.
मी डोलकाठीवर चढले तेव्हा पान्हा बोटांना चिकटत होता.
खाली आयोल्फ कॉफीचा थर्मास धरून उभा,
वरच्या गोंधळाची त्याला कल्पना होतीच:
वीस वर्षांत जे जे विकत घेतलं
ते ते एकाच पाइपाला आवळून बांधलेलं.
रडारच्या तोंडासमोर रेडिओची काठी,
तिला खेटून जीपीएसची छत्री,
आणि गंजक्या पट्टीखाली
कधीच्या मेलेल्या टीव्हीची थाळी,
थाळीत एका समुद्रपक्ष्याचं पीस.

"एवढा मोठा समुद्र," मी वरून ओरडले,
"आणि यांना राहायला एवढीच जागा?"
"उबेला बसलेत," तो म्हणाला.

यंत्रांना ऊब मानवत नाही.
बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्यापासून
निदान वावभर लांब राहावं,
जमलं तर एकानं वर, एकानं खाली.
रडारच्या झोतात कुणी येऊ नये.
वायरीचा कोपरा मुरगळू नये.
हे मी ट्रॉम्सोला शिकले, परीक्षेत लिहिलं,
आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात
अजून पाळायला शिकतेय.

केबिनमध्ये होकायंत्र खोटं बोलत होतं,
उत्तरेला सात अंश, पश्चिमेला तीन.
शेजारी स्पीकर, त्याच्या पोटात लोहचुंबक.
अकॉर्डियन ऐकत ऐकत आयोल्फ अकरा वर्षं
मनातल्या मनात वजाबाकी करून घरी येत होता.
स्पीकर मी मागच्या भिंतीला टांगला.
तो हिरमुसला. "आता वाटेत करू काय?"

खरा घोळ पुढे होता.
बोटीचं नाव नि ठिकाण जगाला सांगणारं यंत्र
रेडिओच्याच अँटेनावर पोटभाडेकरू.
रेडिओचं बटण दाबलं की त्यानं गप्प बसायचं.
मी त्याला वेगळी काठी दिली, मागच्या कमानीवर,
बिल लिहिलं, कॉफी प्यायले, निघाले.

आठव्या दिवशी गुन्वोरचा फोन. त्याची बायको.
"ठिपका आता थांबतच नाही."
मला वाटलं आभार मानतेय.
"पूर्वी थांबायचा. साडेसातच्या सुमाराला.
नकाशावर अडखळायचा, थिजायचा,
मग एकदम पुढे कुठेतरी उगवायचा.
तो थिजला की मी बटाटे चढवायची.
म्हणजे स्टायनारशी बोलतोय."

स्टायनार धाकटा भाऊ.
बापाच्या बोटीची वाटणी झाली, आणि
नऊ नाताळ दोघं एका टेबलाला बसले नाहीत.
घरात त्याचं नाव निघत नाही.
निघतं ते बाहेर, खोल पाण्यावर, चॅनल बहात्तरवर,
जिथे ऐकायला फक्त कॉड.
तो तिला कधी बोलला नाही.
तिनं कधी विचारलं नाही.
तिला सांगायचा तो ठिपका,
तोही गप्प बसून.

"पहिल्यासारखं करता येईल का गं?"

मी नियम सांगितला. धुकं सांगितलं,
पूर्वेकडून येणारी मोठी जहाजं सांगितली,
ज्यांच्या लेखी आयोल्फ म्हणजे
काचेवरचा एक थेंब.
"हो," ती म्हणाली, "तेही आहेच."
मागे झाकण खडखडत होतं.
कुणीच फोन ठेवेना.

जानेवारीत धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला काम निघालं.
निळी बोट, तोच पाइप, तीच गर्दी,
जणू दोघांनी एकाच दिवशी, एकाच माणसाकडून घेतलं.
स्टायनार दोरीची गाठ सोडवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"थोरल्याची कुठे बसवलीस?"
मी सांगितलं.
"माझी तिथंच बसव."
गाठ सुटेना. त्यानं दातात धरली, मग सोडली.
"फूटभर वर."

फूटभरानं काही बिघडत नाही, काही साधतही नाही.
मी बसवली.
रात्री गुन्वोरला फोन करून तेवढंच सांगितलं.
ती इतका वेळ हसत राहिली
की शेवटी मला विचारावं लागलं,
बटाटे करपले नाहीत ना.